गाडीच्या मागच्या दिव्यातला ओलेग लोसेव्ह

गाडीचे जुने बल्ब काढून तिथे एलईडी बसवण्याचे काम आता कोपऱ्यावरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये होते. मागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे आणि चारी कोपऱ्यांवरचे इंडिकेटर बदलले की दहा वर्षांची गाडीही नवी दिसू लागते. पण काम करून घेणाऱ्या बऱ्याच जणांना दुसऱ्याच दिवशी एकेक कोडे पडते. इंडिकेटर नेहमीच्या ठेक्यात न लुकलुकता घाईघाईने, जवळजवळ दुप्पट वेगाने लुकलुकतो. एखादा दिवा लागतच नाही आणि तोच होल्डरमधून काढून उलटा बसवला की लख्ख लागतो. बल्ब एवढा थंड कसा, असाही प्रश्न कुणी विचारतो.

या कोड्यांची उत्तरे शोधायला शंभर वर्षे मागे जावे लागते. एका रशियन तरुणाने खड्याच्या तुकड्यातून निघणारा थंड उजेड सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तो विजेच्या इशाऱ्यावर किती चपळाईने लागतो आणि विझतो ते मोजले आणि त्याचे पेटंटही घेतले. त्याने आयुष्याची शेवटची वर्षे एका वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली. त्याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी तो गेला, आणि तोही भुकेने. त्याचे नाव ओलेग व्लादिमिरोविच लोसेव्ह.

रेडिओचे वेड

लोसेव्हचा जन्म १० मे १९०३ रोजी व्होल्गा नदीकाठच्या त्वेर या गावी झाला. वडील रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. घराणे उमराव वर्गातले. झारच्या काळात ही गोष्ट मिरवण्यासारखी होती, पण १९१७ च्या क्रांतीनंतर तीच पायातली बेडी झाली.

त्याच वर्षी, शाळेत असताना, गावातल्या रेडिओ केंद्राचे प्रमुख व्लादिमीर लेश्चिन्स्की यांचे एक जाहीर व्याख्यान त्याने ऐकले आणि त्याला बिनतारी संदेशाचे वेड लागले. हे लष्करी केंद्र होते. तिथे मिखाईल बोंच-ब्रुयेविच हे रेडिओचे निष्णात अभियंता आणि प्राध्यापक व्लादिमीर लेबेदिन्स्की यांच्याशी त्याची ओळख झाली. पुढे ही मंडळी निझ्नी नोव्हगोरोद शहरात १९१८ साली उभ्या राहिलेल्या रेडिओ प्रयोगशाळेत गेली. शाळा संपताच, १९२० साली, लोसेव्हही त्यांच्यामागे तिथे पोहोचला. हातात पदवी नव्हती. सुरुवातीला निरोप्याचे काम मिळाले. देशात यादवी युद्ध चालू, खाण्यापिण्याची आणि सरपणाची ददात. तरी दिवसा निरोप पोहोचवायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोगाच्या टेबलाशी बसायचे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्या काळात रेडिओचे संदेश पकडायला खड्याचा डिटेक्टर वापरत. खनिजाच्या एका छोट्या खड्यावर धातूची बारीक सुई टेकवायची. सुई योग्य जागी टेकली की वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते, आणि हवेतल्या लहरींतून आवाज वेगळा करता येतो. अशा खड्यावर आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी त्याआधीच काम केले होते. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा डिटेक्टर वापरण्याचे त्यांचे अमेरिकी पेटंट १९०४ सालचे आहे. खड्याची अडचण अशी, की तो लहरी असायचा. सुई जरा हलली की आवाज गायब. म्हणून मोठमोठे अभियंते व्हॉल्व्हकडे वळले होते. लोसेव्ह मात्र या लहरीपणाचे कारण शोधत बसला.

१३ जानेवारी १९२२ रोजी त्याला काही वेगळेच आढळले. झिंकाइट या जस्ताच्या खनिजाच्या खड्याला योग्य तेवढा विजेचा दाब दिला, तर तो संदेश नुसता पकडत नाही, तर स्वतः कंपने निर्माण करतो आणि क्षीण संदेश मोठा करून देतो. हे काम तोवर फक्त महागडा व्हॉल्व्ह करू शकत होता. लोसेव्ह तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्यावर आधारलेले क्रिस्टाडिन नावाचे रेडिओ हौशी मंडळींनी घरोघरी बनवले. व्हॉल्व्हची तार तापवायला मोठी बॅटरी लागे, इथे ती गरजच नव्हती. सप्टेंबर १९२४ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या रेडिओ न्यूज या अमेरिकी मासिकाने या शोधाचे मोठे कौतुक केले. ट्रान्झिस्टर यायला अजून वीस वर्षांहून जास्त काळ होता.

खड्यातला उजेड

वेगवेगळे खडे तपासताना १९२३ मध्ये त्याच्या हाती कार्बोरंडम आला. सिलिकॉन आणि कार्बन यांचे हे संयुग घासकामाच्या दगडात वापरतात. पोलादी सुई टेकवून वीज सोडली, तेव्हा टेकलेल्या बिंदूपाशी मंद हिरवट उजेड दिसला.

हा उजेड पाहणारा तो पहिला नव्हता. मार्कोनी कंपनीत काम करणारे इंग्रज अभियंता हेन्री जोसेफ राउंड यांनी १९०७ मध्ये तो पाहून एका अमेरिकी नियतकालिकात छोटीशी टीप छापली होती. पण त्यांनी पुढे पाठपुरावा केला नाही. लोसेव्हने तो सोडला नाही. पुढची अनेक वर्षे तो याच उजेडाच्या मागे होता. १९२७ मध्ये त्याचा पहिला सविस्तर लेख रशियन भाषेत आला, आणि १९२८ मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिन या प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात इंग्रजीत. रोगाचे नाव देऊन न थांबता त्याची सगळी लक्षणे नोंदवणारा वैद्य जसा काम करतो, तसे त्याने काम केले.

पहिला प्रश्न होता, की हा उजेड उष्णतेचा आहे का? त्या काळी विजेचा दिवा म्हणजे तापून लाल-पांढरी झालेली तार. कुणालाही वाटले असते, की सुईच्या टोकाशी खडा तापून चमकत असणार. लोसेव्हने त्यावर सोपी युक्ती काढली. उजळलेल्या जागेवर त्याने बेंझिनचा थेंब ठेवला. जागा तापलेली असती तर थेंब झरकन उडून गेला असता. तसे झाले नाही. थेंब एरवी जितक्या सावकाश उडतो तितक्याच सावकाश उडाला. म्हणजे हा उजेड थंड होता.

एलईडी बसवल्यावर इंडिकेटर वेडावाकडा का लुकलुकतो, त्याचे मूळ या थेंबात आहे. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॉटचा असतो. त्यातली फारच थोडी वीज उजेड होते, बाकी सगळी उष्णता होऊन जाते. एलईडीला उष्णतेतून उजेड काढायचा नसतो, म्हणून तेवढ्याच कामाला दोन-तीन वॉट पुरतात. पण दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर रिले जुन्या बल्बच्या हिशेबाने बनवलेला असतो. जुन्या प्रकारच्या रिलेत दोन धातूंची जोडपट्टी असते. बल्बकडे जाणाऱ्या विजेने ती तापून वाकते, संपर्क तुटतो, थंड होऊन पुन्हा जुळतो. एलईडी इतकी कमी वीज ओढतो, की पट्टी पुरेशी तापतच नाही आणि दिवा नुसता लागून राहतो. त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक रिलेला वीज कमी गेली की वाटते, एक बल्ब गेला. मग चालकाला सावध करण्यासाठी तो दुप्पट वेगाने लुकलुकतो. बिघाड एलईडीत नसतो. रिलेची समजूत जुनी असते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे एलईडीसाठी बनवलेला रिले बसवणे. जिथे रिले वेगळा नसून गाडीच्या संगणकातच असतो, तिथे इंडिकेटरच्या तारांना समांतर एक रेझिस्टर जोडतात. तो जादा वीज खाऊन जुन्या बल्बचे सोंग करतो. सहसा हा रेझिस्टर ६ ओहमचा असतो. चालू असताना त्यात २५ ते ३० वॉट उष्णता तयार होते आणि हात लावला तर चटका बसतो. म्हणून तो पत्र्यावरच घट्ट बसवावा लागतो. प्लॅस्टिकवर किंवा तारांच्या जुडग्यावर टेकला तर तारांचे आवरण वितळते. शिवाय रेझिस्टर बसवला की एलईडी गेला तरी रिलेला कळत नाही. मग दिवा चालू आहे की नाही, हे चालकाने स्वतः उतरून बघायचे.

एकाच दिशेची वाट

लोसेव्हने दुसरी गोष्ट नोंदवली ती विजेच्या दिशेची. खड्यात त्याला उजेडाचे दोन प्रकार आढळले. एक प्रकार वीज उलट दिशेने जोराने ढकलली की दिसे. दुसरा वीज सहज जाणाऱ्या दिशेने सोडली की दिसे. आजचा एलईडी हा या दुसऱ्या प्रकाराचा वारस आहे. त्याला दिशा लागते. तारेच्या बल्बला मात्र उलट-सुलट काही नसते, वीज कुठूनही आली तरी तार तापते. म्हणूनच एलईडी उलटा बसला तर लागत नाही आणि फिरवून बसवला की लागतो. होल्डर न मोडता तो फिरवून पाहणे ही गॅरेजमधली पहिली तपासणी असते, आणि त्यामागचे शास्त्र लोसेव्हच्या आलेखांत आहे.

तिसरी नोंद सर्वात महत्त्वाची ठरली. विजेचा प्रवाह कमी-जास्त केला की उजेडही त्याच क्षणी कमी-जास्त होतो, हे त्याने फिरत्या आरशाच्या साहाय्याने मोजले. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केले तरी उजेड मागे पडत नव्हता. तापलेल्या तारेला हे जमत नाही. तिला तापायला आणि थंड व्हायला वेळ लागतो. या चपळाईचा उपयोग संदेशवहनात होईल, हे ओळखून १९२७ मध्ये त्याने प्रकाशाच्या रिलेसाठी पेटंटचा अर्ज केला. वेगाने लागणाऱ्या-विझणाऱ्या उजेडातून तार आणि टेलिफोनचे संदेश पाठवण्याची ती कल्पना होती. आज समुद्रतळाच्या काचतंतूंतून हेच घडते.

गाडीच्या ब्रेकच्या दिव्यात या चपळाईचा हिशेब सरळ शरीराशी जोडलेला आहे. पाय ब्रेकवर पडल्यापासून तारेच्या बल्बला पूर्ण उजेड द्यायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. एलईडी जवळजवळ त्याच क्षणी लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे ०.२ सेकंदात साडेपाच मीटर. एका मोटारीच्या लांबीपेक्षाही हे अंतर जास्त आहे. मागच्या चालकाला दिवा दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातोच. डोळा, मेंदू आणि स्नायू यांच्या त्या वेळेत कुठलाही बल्ब काटछाट करू शकत नाही. आधीची ०.२ सेकंदे मात्र वाचवता येतात. मागून धडक बसली की धड पुढे ढकलले जाते, डोके मागे राहते आणि मानेला हिसका बसतो. अशा मानेचे दुखणे कधी कधी महिनोन्‌महिने राहते. साडेपाच मीटर आधी थांबलेली गाडी कदाचित धडकतच नाही, किंवा धडकली तरी सौम्य धडकते.

लेनिनग्राड

१९२८ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदची प्रयोगशाळा लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, हलवली गेली. लोसेव्हही तिथल्या मध्यवर्ती रेडिओ प्रयोगशाळेत गेला. अब्राम इऑफे या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्थेतही त्याने काम केले. खडा तिरका घासून, त्यावर बारीक सुईने बिंदू-बिंदू चाचपून त्याने दाखवले, की सगळी किमया पृष्ठभागाजवळच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरात आहे. विजेची वाट जिथे बदलते, तो हा थर. आज त्याला पी-एन संधी म्हणतात आणि प्रत्येक एलईडीचे काळीज तेच असते.

हा उजेड का निघतो, याचाही त्याने विचार केला. प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन का बाहेर पडतात, हे आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये क्वांटम सिद्धांताने उलगडले होते. इथे त्याच्या उलट घडत असावे, म्हणजे इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने सोडत असावेत, असे लोसेव्हने मांडले. विद्यापीठाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसाने हे केले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण मान्यता मिळायला वेळ लागला. उजेड इतका मंद होता, की त्याने खोलीसुद्धा उजळली नसती. जगभरचे रेडिओ उद्योग व्हॉल्व्हवर उभे होते. त्यामुळे खड्यांकडे कुणी वळून पाहीना. १९३७ मध्ये लोसेव्ह पहिल्या लेनिनग्राड वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवू लागला. पुढे जे डॉक्टर होणार होते, त्या विद्यार्थ्यांकडून तो वीज आणि प्रकाशाचे प्रयोग करून घेई. १९३८ मध्ये इऑफे यांच्या पुढाकाराने त्याला प्रबंध न मागता विज्ञानाची पदवी दिली गेली. चाळिसाहून अधिक लेख आणि सोळा पेटंटे एवढा त्याचा प्रबंध आधीच झालेला होता. रात्री स्वतःचे संशोधन चालूच राहिले. शेवटच्या वर्षी तो सिलिकॉनकडे वळला होता. पुढे सगळे इलेक्ट्रॉनिक युग ज्याच्यावर उभे राहिले, तोच हा पदार्थ. त्यावरचा त्याचा लेख युद्धाच्या धामधुमीत हरवला.

भुकेचा हिवाळा

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला. ८ सप्टेंबरला लेनिनग्राडचे जमिनीवरचे सगळे रस्ते तोडले गेले आणि वेढा पडला. लोसेव्हची संस्था बंद पडली नाही. बॉम्बहल्ल्यांत जखमी झालेल्यांची रीघ लागली. लोसेव्हने आगीची सूचना देणारी यंत्रणा तयार केली. जखमेत रुतलेले धातूचे तुकडे शोधायला एक छोटे, हातात धरता येणारे उपकरण बनवले. क्ष-किरणाची सोय नसेल तिथे शल्यचिकित्सकाला तुकडा कुठे आहे ते सापडावे, हा त्याचा हेतू होता. याच दिवसांत तो जखमींसाठी रक्तही देत होता.

२० नोव्हेंबर १९४१ पासून शहराचे रेशन सर्वात खाली आले. कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम पाव आणि कार्यालयीन नोकर, घरातली माणसे व मुले यांना फक्त १२५ ग्रॅम. त्या पावातही पीठ पूर्ण नसे, भर घातलेली असे. निखळ पिठाचा धरला तरी एवढ्या पावातून तीनशेच्या आसपास उष्मांक मिळतात. साधे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला रोज दोन हजारांहून अधिक लागतात. थंडीत त्याहून जास्त.

असा उपास लांबला की शरीर ठरलेल्या क्रमाने स्वतःलाच खाऊ लागते. यकृतातली साखर दिवसाभरात संपते. मग चरबी जाते. त्यानंतर स्नायू. हृदय हाही स्नायूच आहे, तोही आकसतो, नाडी मंदावते, अंगातली ऊब कमी होते. रक्तातली प्रथिने घटली की पायांवर आणि चेहऱ्यावर सूज येते, त्यामुळे उपाशी माणूस लांबून सुजरा, धष्टपुष्ट दिसू शकतो. प्रतिकारशक्ती जाते आणि साधा न्यूमोनियाही जीव घेतो. रक्तदात्याचे हरवलेले पाणी एक-दोन दिवसांत भरून येते, पण तांबड्या पेशी पुन्हा तयार व्हायला लोह आणि प्रथिने असलेले अन्न काही आठवडे मिळावे लागते. लेनिनग्राडमध्ये नेमके तेच नव्हते. त्या हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली उतरला. नळ गोठले, ट्राम बंद पडल्या, घरांतली वीज गेली. लाखो माणसे गेली.

२२ जानेवारी १९४२ रोजी लोसेव्ह आपल्याच संस्थेच्या रुग्णालयात भुकेने मरण पावला. वेढा पूर्णपणे उठायला आणखी दोन वर्षे लागली.

त्यानंतर

अमेरिकेत १९५१ मध्ये कर्ट लेहोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बोरंडमच्या उजेडाचे आजच्या भाषेत स्पष्टीकरण दिले. त्यासाठी त्यांना लोसेव्हच्या निरीक्षणांकडे यावे लागले. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडपासून लाल एलईडी बनवला. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना मागच्या काचेपाशी ब्रेकचा तिसरा दिवा सक्तीचा झाला, आणि गाडीच्या बाहेरच्या दिव्यांत एलईडीचा शिरकाव झाला तो याच जागेतून. निळा एलईडी शक्य करणारे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्या निळ्या उजेडावर पिवळ्या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की पांढरा एलईडी होतो.

लाल काचेमागे पांढरा एलईडी फिका का पडतो, त्याचे उत्तर याच लेपात आहे. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि पिवळा भरपूर, लाल कमी. लाल काच लाल तेवढाच बाहेर सोडते, बाकीचा अडवते. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असतो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. तेव्हा लाल काचेमागे लालच एलईडी आणि नारिंगी काचेमागे नारिंगीच बसवावा.

दिवे बदलताना डोळ्यांचाही विचार करायला हवा. मागच्या दिव्याच्या बल्बवर २१/५ वॉट असे लिहिलेले असते. त्यात दोन तारा असतात, एक रात्रभर जळणारी मंद आणि दुसरी ब्रेकची प्रखर. मागच्या चालकाला ब्रेक कळतो तो या फरकातून. स्वस्तातल्या काही एलईडींत दोन्ही उजेड जवळजवळ सारखेच असतात, आणि मग रात्री ब्रेक लावला तरी मागच्याला ते कळत नाही. असा दिवा चपळ असूनही धोक्याचा. दिव्यामागचा आरसा जुन्या तारेच्या नेमक्या जागेच्या हिशेबाने घडवलेला असतो. एलईडीचा उजेड एकाच बाजूला जात असेल, तर दिवा समोरून झगझगीत आणि तिरक्या बाजूने काळा दिसतो. म्हणून बसवून झाल्यावर गाडीच्या मागे पंधरा-वीस पावले जाऊन सरळ आणि दोन्ही बाजूंनी, एकदा उन्हात आणि एकदा अंधारात बघून घ्यावे.

अति प्रखर दिवाही नको. पन्नाशी-साठीनंतर डोळ्यातले भिंग गढूळ होऊ लागते. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या चालकाच्या डोळ्यात समोरचा झगझगाट पसरतो आणि त्याला पुढचा रस्ताच दिसेनासा होतो. काही पुरुषांना जन्मतः लाल रंग मंद दिसतो, त्यांना लाल आणि नारिंगी यांतला फरक जागेवरून आणि लुकलुकण्यावरून कळतो. म्हणून रंगांशी आणि जागांशी खेळू नये, मागे निळे-जांभळे दिवे लावू नयेत. इंडिकेटरचा वेगही मिनिटाला ६० ते १२० या मान्य मर्यादेत असावा. त्याहून वेगाने लुकलुकणारा दिवा घाबरवतो, पण वळण सांगत नाही.

आज रस्त्यावरच्या लाखो गाड्यांच्या मागे लोसेव्हचा थंड उजेड लागतो आणि विझतो. तो मंद होता तेव्हा फार थोड्यांनी त्याची दखल घेतली, आणि तो प्रखर झाला तेव्हा लोसेव्ह हयात नव्हता. जखमेतला तुकडा शोधून माणूस वाचवायचा आणि धडक होण्याआधीच इशारा देऊन माणूस वाचवायचा, ही दोन्ही कामे त्याच्या हातून झाली. पहिले त्याने जाणून केले. दुसरे त्याच्या मागे, त्याच्या खड्याने केले. गाडीला एलईडी बसवताना चार पैसे जास्त देऊन योग्य रंगाचा, योग्य उजेडाचा दिवा आणि योग्य रिले घेणे, आणि निघण्याआधी मागे जाऊन दिवे एकदा पाहणे, एवढे केले तरी त्या ०.२ सेकंदांचे चीज होईल.